स्मरणिकांचा मजकूर सोडवताना : प्रकल्प नोंदी

७ सप्टेंबर २०२५

काल विसर्जन आटोपलं आणि आज सकाळी नाशिकमधल्या रविवार कारंजाजवळच्या काकांच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवायच्या) दुकानात गेलो. काका दुकान बंद करताहेत. जागा विकली, महिनाअखेर ताबा द्यायचा आहे. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिका, वार्षिक अहवाल, व्याख्यानांच्या पुस्तिका, बालविभागाचे अंक असं सगळं गेली पंचवीस-तीस वर्षं याच दुकानात जुळत आलं. छापील प्रती वाचनालयात आहेत, पण काहींची एकेकच उरली आहे आणि कसर लागायला सुरुवात झाली आहे. मूळ फाइली इथे, काकांच्या टेबलाखाली.

विंडोज ९८ चालणारं एक जुनं मशीन, एक्सपीचं दुसरं, फ्लॉप्यांचे डबे, सीडींच्या चळती. काका म्हणाले, "भंगारवाला येऊन गेलाय. तुला काय हवं ते आधी काढून घे, मग त्याला हाक मारतो."

उद्दिष्ट आजच लिहून ठेवतो. या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणायचा, खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायचा आणि वाचनालयातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर शोधता यावा. पानांची सजावट गेली तरी चालेल, ती छापील प्रतीत आहे आणि तिचं स्कॅन होईल. मजकुरातलं एकही अक्षर मात्र गमवायचं नाही.

१४ सप्टेंबर

फ्लॉप्या आणि सीडी. फाइली एकेक कॉपी करत बसलो नाही. अख्ख्या चकतीची प्रतिमा आधी उतरवायची, मग तिच्यातून फाइली काढायच्या. त्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतो आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलीत टिपून ठेवतं आणि मग परत परत तिथे जाऊन प्रयत्न करतं. मध्येच लाइट गेली तरी नकाशा असल्यामुळे काम पहिल्यापासून करावं लागत नाही.

फ्लॉपी १.४४ एमबीची. बऱ्याचशा वाचल्या गेल्या. त्रास सीडींनी जास्त दिला. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर उमटते आणि तो थर उन्हाने, दमटपणाने खराब होतो. वर बॉलपेनने नाव घातलेल्या सीडींचा चकाकता थरही त्या टोकाने दुखावलेला असतो.

प्रत्येक प्रतिमेचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा, यादीत टाकला. पुढे कधीही प्रत तपासायची झाली तर हीच यादी साक्ष.

२१ सप्टेंबर

पेजमेकर, म्हणजे पानं जुळवायचं सॉफ्टवेअर. याची पहिली आवृत्ती आल्डसने १९८५ मध्ये काढली, १९९४ मध्ये अडोबीने आल्डस घेतली आणि शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. त्यानंतर गाडी थांबली. नाशिकमधली लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांची नियतकालिकं मात्र त्यापुढेही कित्येक वर्षं पेजमेकरवरच होत राहिली. त्याला कारण आहे. देवनागरीची युनिकोड जुळणी विंडोजमध्ये २००० च्या आवृत्तीपासून नीट जमू लागली. पेजमेकरला युनिकोड शेवटपर्यंत आलंच नाही. आणि त्याची जागा घेणाऱ्या अडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची सोय २०१२ च्या सीएस६ मध्ये आली. प्रेसची डेडलाइन कुणासाठी थांबत नाही, म्हणून ऑपरेटर लोकांनी हाताशी होतं त्यावर काम निभावलं. त्या पिढीने मराठी छपाई चालू ठेवली याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

हाताशी काय होतं, तर प्रत्येक कंपनीचा आपापला फॉन्ट. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे सुरेख-योगेश, सरकारी टायपिंगवाल्यांचा कृतीदेव. त्या काळी अक्षरांना क्रमांक ठरवून देणारं आयएससीआयआय हे भारतीय मानक होतं, १९९१ मध्ये ते आयएस १३१९४ म्हणून प्रसिद्ध झालं, पण फॉन्टमध्ये कोणता आकार कुठल्या क्रमांकावर ठेवायचा यावर कुणाचं बंधन नव्हतं. मग इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले गेले.

आज एक फाइल उघडून नेमकं पाहिलं. कृतीदेवमध्ये 'नाशिक' हा शब्द फाइलीत असा पडलेला असतो: यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, डी. यू म्हणजे न. के म्हणजे काना. एफ म्हणजे वेलांटी. अवतरणचिन्ह म्हणजे पाय मोडलेला श. पुढचा के म्हणजे त्या श चा दंड. डी म्हणजे क. म्हणजे एकच के एकदा काना होतो आणि एकदा श पुरा करतो, आणि वेलांटी श च्या आधी येऊन बसते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. कॉम्प्युटरच्या लेखी इथे नाशिक नाही, मराठीही नाही. फॉन्ट काढून घेतला की सहा परकी चिन्हं उरतात.

काकांना बोलावून स्क्रीन दाखवली. त्यांनी ती इंग्रजी अक्षरं सरळ मराठीत वाचून दाखवली, ओळच्या ओळ, न अडखळता. "अरे, फॉन्ट नव्हता तेव्हा मी असंच प्रूफ बघायचो," म्हणाले. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. त्यांच्याकडून तक्ता लिहून घ्यायचं ठरलं.

एका जुन्या पॅकेजचं मात्र काही चालेना. त्याला मशीनच्या मागे, प्रिंटरच्या जागी लावायचं एक लॉक होतं. लॉक बिघडलं, बनवणारे आता दाद देत नाहीत. काकांनी पैसे मोजून घेतलेलं पॅकेज आणि काकांनीच टाइप केलेला मजकूर, तरी दाराला तिसऱ्याचं कुलूप. फॉन्टच्या फाइली वेगळ्या मिळाल्या म्हणून निभावलं.

२८ सप्टेंबर

पेजमेकर ६.५ च्या फाइली लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरच्या ड्रॉमध्ये उघडताहेत. बंद फॉरमॅटची रचना उलगडून काढणाऱ्या डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टच्या मंडळींचं हे काम. २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून ही सोय आहे. ज्या फॉरमॅटचं वर्णन कुणी जाहीर केलं नाही, तो बाइट बाइट चाचपून ओळखायचा आणि मिळालेलं ज्ञान सगळ्यांसाठी ठेवून द्यायचं. या लोकांमुळे आमच्या स्मरणिका वाचणार आहेत.

चौकटी थोड्या सरकतात, मजकूर येतो. पण लांब लेख अनेक चौकटींत तुटतो. म्हणून जिथे विंडोज ९८ चं मशीन साथ देतंय तिथे पेजमेकरमधूनच मजकूर बाहेर काढतो आहे, आरटीएफमध्ये. साध्या टेक्स्टमध्ये का नको, हे पुढे हे काम करणाऱ्यासाठी लिहून ठेवतो. स्मरणिकेत मराठीच्या मध्ये इंग्रजी शब्द, पदव्या, पत्ते असतात. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव पुसलं जातं, मग 'के' हा खरोखरचा इंग्रजी के की काना, हे कशावरून ओळखणार? आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याला फॉन्टचं नाव चिकटलेलं राहतं. जिथे जुना मराठी फॉन्ट तिथेच रूपांतर, बाकीच्याला हात नाही.

काकांचं दुकान रिकामं झालं. ९८ चं मशीन सध्या माझ्या घरी, सिडकोत.

५ ऑक्टोबर

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा पायथनमधला कार्यक्रम (प्रोग्रॅम) आकाराला आला. तक्ता कार्यक्रमाच्या पोटात ठेवला नाही, वेगळ्या फाइलीत ठेवला. म्हणजे ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही पण फॉन्ट ओळखता येतो, असा कुणीही ऑपरेटर तो तपासू शकतो.

नियमांचा क्रम महत्त्वाचा. आधी लांब जुळण्या, मग लहान. पाय मोडका श आणि दंड मिळून पूर्ण श हे आधी करायचं. उरलेला दंड तो काना. मग वेलांटी तिच्या पुढच्या अख्ख्या जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची. 'स्थिती'मध्ये पहिली वेलांटी नुसत्या स् च्या पुढे नेऊन भागत नाही, थ ओलांडावा लागतो. मग रफार. तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या, आणि काना असला तर कान्याच्याही, नंतर येतो. युनिकोडमध्ये र् सगळ्यांत आधी लागतो. 'धार्मिक'मधला 'र्मि' पाहावा: फाइलीत वेलांटी, म, रफार, युनिकोडमध्ये र्, म, वेलांटी. नेमका उलटा क्रम.

शीर्षकातलं एखादंच अक्षर ठळक केलेलं असलं की वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं व्यंजन दुसऱ्या तुकड्यात अडकतं. म्हणून एका शब्दाचे एकाच फॉन्टमधले तुकडे आधी जोडून घेतो.

तपासणी अशी: शब्दाच्या सुरुवातीला काना-मात्रा आली, दोन स्वरचिन्हं लागोपाठ आली, तर तो शब्द वेगळ्या यादीत. हनस्पेल या शब्दतपासनीसाच्या मराठी शब्दसूचीत नसलेले शब्द दुसऱ्या यादीत. दुसरी यादी लांबलचक होते, कारण आडनावं आणि गावांची नावं तिथे येऊन पडतात; मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, सगळी. ती गाळायला वेगळी यादी करतो आहे आणि ती पुढे इतरांच्याही कामाला येईल.

१४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. वाचनालयातल्या कॉम्प्युटरना विंडोज ११ चालत नाही, त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही. मशीन उत्तम अवस्थेत आहेत. सभासद त्यावर वर्तमानपत्रं वाचतात, विद्यार्थी परीक्षांचे फॉर्म भरतात, ताई देवघेव करतात. कार्यकारिणीत एकाने नवीन घेण्याचा विषय काढला होता. पण तो पैसा पुस्तकांचा आहे.

ऑगस्टमध्ये आलेलं डेबियन १३ हे लिनक्स घातलं, एक्सएफसीई डेस्कटॉपसह. डेबियनने या आवृत्तीपासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, त्यामुळे प्रोसेसर ६४-बिट आहे ना ते आधी पाहून घेतलं. एसएसडी आणि थोडी जास्त रॅम टाकली. बस. प्रिंटर जोडल्याबरोबर ओळखला गेला.

ताईंची मुख्य काळजी मराठी टायपिंगची होती. त्या इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर लिहितात आणि इन्स्क्रिप्ट हे भारतीय मानक असल्यामुळे विंडोज असो, लिनक्स असो, कळांच्या जागा त्याच. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. त्यांनी बसल्या बसल्या एक पत्र टाइप करून दाखवलं आणि म्हणाल्या, "दादा, मला तर काही बदलल्यासारखं वाटतच नाहीये." मानक पाळलं की काय मिळतं ते हे. ज्यांनी फोनेटिकची किंवा एखाद्या खास पॅकेजच्या कीबोर्डची सवय लावून घेतली, त्यांना दरवेळी नवं शिकावं लागतं. शाळांमधून मुलांना इन्स्क्रिप्ट शिकवावा असं माझं ठाम मत आहे. दोन आठवड्यांत बोटं बसतात आणि मग आयुष्यभर कुठल्याही मशीनवर चालतात.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. वाचनालयात दिवाळी अंकांची रांग लागली आहे. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि त्यातला बराच भाग आता पीडीएफ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो.

पीडीएफबद्दल थोडं. फॉरमॅट वाईट नाही. १९९३ मध्ये अडोबीने आणला, २००८ पासून आयएसओ ३२००० म्हणून खुलं मानक आहे, आणि जतनासाठी पीडीएफ/ए नावाचं त्याचं रूप २००५ पासून आहे. पान जसं छापलं तसं दिसावं, यासाठी त्याला तोड नाही. पण पीडीएफ म्हणजे कागद. त्यातून मराठी मजकूर कॉपी करून पाहावा: जुन्या फॉन्टमधलं असेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो, आणि युनिकोडमध्ये जुळवलेलं असलं तरी पुष्कळदा वेलांट्या भरकटतात, जोडाक्षरं फुटतात, कारण आत आकारांचा क्रम असतो, शब्दांचा नसतो. अंधांच्या स्क्रीन रीडरलाही तोच कचरा वाचावा लागतो. आमच्याकडे ब्रेल सोडून आता फोनवर ऐकून वाचणारे सभासद आहेत. त्यांच्यासाठी अशी पीडीएफ म्हणजे कोरं पान.

म्हणून आमचा नियम: पीडीएफ द्यावी, पण मूळ मजकुराची फाइल कधीही टाकू नये. संपादक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे की अंक छापून झाल्यावर लेखांच्या युनिकोड फाइली एका फोल्डरमध्ये भरून जवळच्या वाचनालयाला द्या. एक पेनड्राइव्ह पुरतो.

९ नोव्हेंबर

शोध चालू केला आणि आज दिवसभर एकाच गोष्टीवर बसलो. द्राक्ष बागायतीवरच्या एका लेखात 'शेतकऱ्यांना' हा शब्द वारंवार येतो. स्क्रीनवर दिसतो. शोधला तर काही लेखांत सापडतो, काहींत नाही.

कारण हा आपला खास मराठी ऱ्य. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग य. दुसरी: साधा र, हलंत, मध्ये शून्य रुंदीचं एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. डोळ्याला दोन्ही सारखे. कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं स्वतःचं सामान्यीकरण, एनएफसी, इथे उपयोगी पडत नाही. ते र आणि नुक्ता यांना जोडून ऱ करतं, पण अदृश्य चिन्हाच्या वाटेला जात नाही.

असंच ॲ चं. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये ५.१ आवृत्तीत, २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या मजकुरात कुणी अ वर चंद्र देऊन लिहिलं, कुणी हिंदीतला ऍ वापरला. 'ॲड.' म्हणून वकिलांची नावं शोधायला गेलं तर निम्मी निसटतात.

उपाय ठरवला. साठवणीत एकच रूप: ऱ्य साठी ऱ, ॲ साठी ॲ. शोधाच्या चौकटीत सभासदाने कुठल्याही रूपात लिहिलं तरी आत तेच रूप करून शोधायचं. शेतकऱ्यांना, दऱ्या, तऱ्हा, पुढाऱ्यांचं, वाऱ्यावर, सगळे शब्द आता सापडतात.

यावर माझं एक मत. मराठीचं कॉम्प्युटरवरचं काम बऱ्याचदा हिंदीच्या मागोमाग झालं. लिपी एक म्हणून सोय एक, असं धरलं गेलं. पण आपला ऱ्य, आपला ॲ, आपल्या वळणाचे ल आणि श या गोष्टी मराठी माणसानेच तपासायच्या आहेत. फॉन्ट तयार करणाऱ्यांनी तशी सोय केली आहे. ओपनटाइप या फॉन्टच्या फॉरमॅटमध्ये भाषा मराठी आहे असं सांगितलं की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण दिलेलं आहे तिथे ल आणि श बदलतात. त्यासाठी फाइलीत भाषा 'मराठी' नोंदवावी लागते. आम्ही प्रत्येक फाइलीत ती नोंदवतो आहोत. अशा नोंदी सगळ्यांनी केल्या तर मराठी शब्दतपासणी, वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं, सगळ्यांनाच फायदा आहे.

वाचनासाठी मुक्त फॉन्ट: मजकुराला 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा मुक्ता, शीर्षकांना बलू. दोन्ही एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली, म्हणजे वाटायला, छापायला, फाइलीत बसवायला कुणाची परवानगी नको.

१६ नोव्हेंबर

कार्यकारिणीची बैठक. कार्यवाहांचा प्रश्न रास्त होता: "सगळं जग वर्डमध्ये लिहितंय. आपण ओडीटीचा हट्ट का धरायचा?"

ओडीटी म्हणजे लिब्रेऑफिस ज्या खुल्या फॉरमॅटमध्ये मजकूर साठवतं तो. मी ओडीटी फाइलीच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं आणि उघडून दाखवली. आत एक्सएमएलच्या साध्या फाइली. त्यातली मजकुराची फाइल नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडली तर मराठी वाक्यं सरळ वाचता येतात. उद्या लिब्रेऑफिस राहिलं नाही तरी झिप उघडता येणारा आणि मराठी वाचता येणारा माणूस हा मजकूर परत मिळवू शकतो. पेजमेकरच्या फाइलीत हे शक्य नव्हतं, म्हणूनच आम्ही गेले दोन महिने त्यात अडकलो होतो.

ओडीटी ज्यात मोडतो ते ओडीएफ हे मानक ओॲसिस या संस्थेने मे २००५ मध्ये मंजूर केलं, २००६ मध्ये ते आयएसओ २६३०० झालं. वर्डचा डॉकएक्सही आतून झिप आणि एक्सएमएलच आहे आणि २००८ पासून आयएसओ २९५०० आहे, हेही मी सांगितलं, कारण ते खरं आहे. फरक असा, की ओडीएफच्या पहिल्या आवृत्तीचं वर्णन सातशेच्या आसपास पानांचं होतं; डॉकएक्सच्या मानकाचं सहा हजारांवर. एवढं सगळं दुसऱ्या कुणी तंतोतंत पाळणं अवघड, म्हणून एकीकडचा मजकूर दुसरीकडे नेला की तक्ते हलतात. डॉकएक्सला आयएसओ मानक करण्याच्या मतदानात भारतीय मानक ब्युरोने विरोधात मत दिलं होतं. आणि २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण जाहीर केलं, ते तर आपल्या बाजूनेच आहे.

एका सभासदांना हे सगळं कोरडं वाटत होतं. त्यांना विचारलं, पंचवटीत भाजी घेताना गाडीवर कुठल्या कंपनीचा क्यूआर लावलाय ते तुम्ही पाहता का? नाही पाहत. कुठल्याही ॲपने पैसे जातात, कारण २०१६ पासून यूपीआयचा नियम सगळ्यांना सारखा लागू आहे. कागदपत्रांसाठी मला एवढंच हवं आहे. ते हसले आणि "करा मग" म्हणाले.

ठराव झाला: वाचनालयाचा पत्रव्यवहार, इतिवृत्त, अहवाल ओडीटीत, बाहेर पाठवायचं तर पीडीएफ, कुणी डॉकएक्स मागितलं तर त्यातही द्यायचं, अडून बसायचं नाही. लेखकांनी कशातही पाठवावं, आम्ही बदलून घेऊ. मुद्दा साठवणीचा आहे.

३० नोव्हेंबर

दाखल नोंदवही. ग्रंथांची सगळी यादी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये अडकली होती. तो प्रोग्रॅम देणाऱ्या संस्थेने यादी बाहेर काढून द्यायचे पैसे मागितले. वाचनालयाचीच यादी, तिचेच पैसे. ताईंनी मग छापील रिपोर्ट फाइलीत उतरवायची वाट शोधून काढली आणि तिथून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, केली.

सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायची पद्धत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला त्यात तीन बाइट लागतात; फाइल थोडी मोठी होते, त्याने काही बिघडत नाही. फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे, म्हणजे 'हा युनिकोड आहे' अशी खूण करणारे, तीन बाइट ठेवले आहेत, नाहीतर काही स्प्रेडशीटमध्ये डबल क्लिक केल्यावर मराठीऐवजी भलतंच दिसतं आणि लोक घाबरून 'फाइल खराब आहे' म्हणून परत करतात.

पुढे कोणतंही सॉफ्टवेअर घेताना एक अट करारात लिहून घ्यायची: संपूर्ण माहिती, कधीही, विनामूल्य, खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता आली पाहिजे. सोसायट्या, पतसंस्था, दवाखाने, शाळा, सगळ्यांनी ही अट घालावी. सॉफ्टवेअर किती छान दिसतं ते दुसऱ्या दिवशी पाहावं.

१४ डिसेंबर

कॉम्प्युटरच्या आधीच्या, खिळ्यांच्या छपाईतल्या स्मरणिका. स्कॅन आणि स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट. एचपीत १९८० च्या दशकात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००५ मध्ये खुलं झालं आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून मराठी बऱ्यापैकी वाचतं. तीनशे डीपीआय, करड्या छटांत. काळं-पांढरं केलं की अनुस्वार उडतात.

आणि अनुस्वार तर इथे भरपूर. १९६२ च्या नियमांआधीच्या छपाईत उच्चार नसलेले अनुस्वारही देत असत. तपासायला शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई येतात. त्यांचा हात सारखा शुद्धलेखन सुधारायला जातो. ठरलं ते असं: छापलंय तसंच उतरवायचं. त्या काळचं मराठी कसं लिहिलं जायचं हीही नोंद आहे. शोधासाठी मात्र अनुस्वार काढलेली एक सावली-प्रत आत ठेवली आहे.

आजच्या पानांत एका जुन्या रहिवाशाने १९६९ च्या महापुरावर लिहिलेला लेख निघाला. पाणी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या वर गेल्यावर सराफ बाजारात दुकानदारांनी काय काय उचलून माडीवर नेलं, त्याचं गल्लीगल्लीनुसार वर्णन. बाई वाचताना थांबल्या. त्यांच्या माहेरचं घर त्यात होतं.

२८ डिसेंबर

हक्कांचा विषय. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. म्हणजे १९६४ अखेर वारलेल्यांचं लेखन आज मोकळं आहे, बाकीच्यांसाठी लेखकांची किंवा वारसांची परवानगी लागते. परवानगीचं पत्र साध्या मराठीत तयार केलं. मिळतील ते लेख क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी, न मिळतील ते वाचनालयात बसून वाचायला. हातात प्रत आहे म्हणून नेटवर टाकून देणं मला मान्य नाही. खुलेपणाची सुरुवात लेखकाला विचारण्यापासून व्हायला हवी.

प्रती तीन: एक वाचनालयात, एक गंगापूर रोडला कार्यवाहांच्या घरी, एक शहराबाहेर. गोदेकाठच्या गावाने सगळ्या प्रती एका तळमजल्यावर ठेवू नयेत. हॅश दर सहा महिन्यांनी तपासायचे, जबाबदारी ताईंची, तारीख वाचनालयाच्या दिनदर्शिकेत घातली.

११ जानेवारी २०२६

सिन्नरच्या एका वाचनालयाने विचारणा केली होती. त्यांच्याकडेही अशाच सीडी. आज जाऊन कार्यक्रम, फॉन्टचे तक्ते, गावांच्या नावांची यादी, परवानगीच्या पत्राचा नमुना, सगळं देऊन आलो. काका आग्रहाने सोबत आले होते. कार्यक्रम जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, तक्ते कुणीही वापरावेत. त्यांनी सुधारणा केल्या तर आम्हाला परत द्याव्यात एवढंच सांगितलं.

त्यांची पहिली फाइल उघडली तर फॉन्ट आमच्या कुठल्याच तक्त्यात बसेना. स्थानिक प्रेसने कुणाकडून तरी खास करून घेतलेला दिसतो, ळ आणि क्ष भलत्याच जागी आहेत. काकांनी खुर्ची ओढली, छापील अंक मांडीवर घेतला आणि एकेक अक्षर सांगायला लागले. मी नवा तक्ता उघडला. दुपारपर्यंत व्यंजनं झाली. जोडाक्षरं पुढच्या रविवारी.